जुळ्या भावांपैकी एकालाच क्षय का झाला?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न: डॉक्टरबाई, माझी दोन मुलं जुळी आहेत, वय 26. लहानपणी शाळेत गुरुजींनाही कोण कुठला ते कळायचं नाही. थोरला दहा मिनिटांनी मोठा. तो सात वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे आणि तिथंच मित्रांबरोबर खोली करून राहतो. धाकटा माझ्याबरोबर शेती बघतो, भात आणि रताळी. दिवाळीनंतर थोरल्याला खोकला लागला, अंगावरचे कपडे ढिले झाले, बेडक्यात क्षयाचे जंतू निघाले. आता तो घरी आला आहे, गोळ्या चालू आहेत. माझी जाऊ म्हणते, ‘तुमच्या रक्तातच आहे ते, मामंजींनाही झालं होतं, आता धाकट्यालाही होणारच.’ धाकट्याचं लग्न ठरल्यात जमा होतं, ते लोक एकदम गप्प झालेत. दोघं एकाच पोटातले, एकाच रक्ताचे. मग एकालाच का झालं? आणि दुसऱ्याला होणारच का?
– एक आई, कडोली परिसर

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला माझी मावशी आठवली. माझं आजोळ शहापुरात, हातमागवाल्यांच्या गल्लीत. मावशीला क्षय झाला तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. मागच्या पडवीत तिची खाट, वेगळं ताट, वेगळा तांब्या. दीड वर्ष इंजेक्शनं आणि गोळ्या घेऊन ती ठणठणीत बरी झाली. पण ठरलेलं लग्न मोडलं ते मोडलंच, आणि तिच्या पाठच्या बहिणीची सोयरीकही दोन वर्षं अडून राहिली. ‘घराण्यात आहे’ एवढेच दोन शब्द त्याला पुरले. त्या शब्दांचा राग माझ्या मनात अजून आहे, म्हणून तुमच्या जाऊबाईंच्या बोलण्यापासूनच सुरुवात करते.

क्षय रक्तातून उतरत नाही. तो जंतूमुळे होतो आणि खोकल्यातून हवेत येतो. जंतू शरीरात गेल्यावर शरीर त्याला कसं तोंड देतं, त्यात मात्र आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा वाटा असतो. क्षयाचा जंतू शरीरात शिरलेल्या शंभर माणसांपैकी पाच ते दहा जणच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. बाकीच्यांच्या छातीत तो कोंडलेलाच राहतो. हा कोंडवाडा कुणाचा पक्का, कुणाचा कच्चा, हाच तुमचा प्रश्न आहे.

जनुकांचं वजन किती, याचा पुरावा डेन्मार्कमधून आला. तिथं दत्तक दिलेल्या मुलांची पाहणी 1988 साली प्रसिद्ध झाली. जन्म देणारी आई किंवा वडील पन्नाशीच्या आत एखाद्या संसर्गानं गेले असतील, तर त्या मुलाचाही संसर्गानं मृत्यू होण्याचा धोका जवळजवळ सहापट दिसला. वाढवणाऱ्या आईबापांच्या बाबतीत तसं काही आढळलं नाही. म्हणजे जाऊबाई अगदीच निराधार बोलत नाहीत. त्यांचं चुकतं ते ‘होणारच’ या शब्दात.

तुमच्याच घरासारख्या घरांची पाहणी ब्रिटनमध्ये झाली होती. जुळ्यांपैकी एकाला क्षय झाला तर दुसऱ्यालाही होतो का, याचा हिशेब जॉर्ज कॉमस्टॉक यांनी 1978 साली नव्यानं मांडला. हुबेहूब दिसणाऱ्या, म्हणजे एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत दोघांनाही क्षय झाल्याचं प्रमाण सुमारे 31 टक्के निघालं. नुसती एकत्र जन्मलेली, पण भावंडांइतकीच वेगळी असलेली जुळी घेतली, तर ते सुमारे 15 टक्के. 31 आणि 15 यांतला फरक जनुकांकडे बोट दाखवतो. पण ताई, दुसरी बाजूही बघा. जनुकं तंतोतंत सारखी असूनही दर तीन जोड्यांपैकी दोन जोड्यांत दुसऱ्या भावाला क्षय झाला नाही. गुरुजींना ओळखता येत नव्हतं यावरून तुमची मुलं पहिल्या प्रकारची आहेत असं मी धरते. तरीही तुमचा धाकटा त्या दोन तृतीयांशांत राहण्याची शक्यता जास्त आहे.

रक्त एक असून फरक कुठून येतो? काही फरक तर दोघं पोटात असतानाच सुरू झाला. जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होताना जनुकांचे ठरावीक तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि प्रत्येक पेशीच्या हाती वेगळा डाव येतो. पिसण्याची ही रीत सुसुमु तोनेगावा यांनी उलगडली, त्यासाठी त्यांना 1987 चं नोबेल मिळालं. तुमच्या दोन्ही मुलांना पत्त्यांचा कॅट एकच मिळाला, पण वाटप कधीच सारखं झालं नाही.

त्यानंतरचा फरक जगण्यातून येतो आणि तो फार मोठा असतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 210 जुळ्या व्यक्तींच्या रक्तातल्या रोगप्रतिकाराच्या 204 गोष्टी मोजल्या, 2015 साली त्याचा निष्कर्ष आला. तीन चतुर्थांशांहून जास्त गोष्टींत जनुकांपेक्षा बाकीच्या कारणांचा वाटा मोठा होता. वय वाढेल तसं जुळ्यांमधलं साम्य कमी होत गेलेलं दिसलं. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू आहे, बहुतेकांच्या अंगात मुकाट राहतो. तो जोडीतल्या एकाला झालेला आणि दुसऱ्याला न झालेला असेल, तर तेवढ्यानंही मोजलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त गोष्टींत फरक पडला होता. कुठला ताप कधी आला, कुठलं पाणी प्यालो, कुठल्या हवेत झोपलो, हे सगळं शरीर लक्षात ठेवतं.

आता फाउंड्रीकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य तेच आहे. उद्यमबागेतले, मच्छे भागातले कामगार माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात. वाळूचे साचे मोडताना आणि कास्टिंग घासताना जी धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. जाड कण नाकात अडकतात. डोळ्यांना न दिसणारे कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. तिथं राखण करणाऱ्या भक्षक पेशी असतात. त्या जंतू गिळतात तशी ही धूळही गिळतात, पण सिलिकाचा स्फटिक पचत नाही, पेशीला आतून फाडतो आणि ती मरते. त्याच पेशींनी क्षयाच्या जंतूलाही कोंडायचं असतं. राखणदारच मेला तर कोंडवाड्याचं दार कोण धरणार? म्हणून सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांना क्षयाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, छातीत सिलिकोसिसचे, म्हणजे या धुळीनं फुप्फुसावर पडणारे, डाग असोत वा नसोत. ‘रुमाल बांधतो की डॉक्टर,’ असं ही पोरं मला सांगतात. रुमालानं ही धूळ अडत नाही. बारीक कण अडवणारा घट्ट मास्क, धूळ ओढून घेणारा पंखा आणि पाणी मारून केलेलं काम, यांनीच ती कमी होते. त्यात पाच-सहा जणांची बंद खोली आणि बाहेरचं जेवण असेल, तर त्याच्या शरीरावर कुठून कुठून भार पडत होता ते तुमच्या लक्षात येईल. थोरला बरा होऊन कामावर निघेल तेव्हा धुळीचं खातं बदलून मागू दे. डॉक्टरांकडून तसं लिहून आणा आणि छातीच्या फोटोत सिलिकोसिस आहे का, हेही स्पष्ट विचारा.

तुमच्या सासऱ्यांच्या वेळी घरात चूल होती ना? धूर, अंधारी खोली, आवर्षणात एक वेळचं जेवण. घराण्यातून नातवंडांपर्यंत जनुकं येतात, तशी चूल आणि ताटही येतं. दोन्हीला आपण ‘रक्त’ म्हणून मोकळे होतो.

ताटाबद्दल थोडं सविस्तर सांगते, ते तुमच्या हातात आहे. मंगळुरूच्या येनेपोया मेडिकल कॉलेजचे डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी 2019 ते 2022 या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत एक अभ्यास केला. क्षयरुग्णांच्या घरातल्या 10,345 माणसांपैकी काही कुटुंबांना सहा महिने किंवा जास्त काळ दरडोई तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. बाकीच्या घरांत फक्त रुग्णालाच शिधा मिळाला. सगळ्या घराला शिधा मिळाला तिथं नव्या क्षयाचं प्रमाण जवळजवळ 40 टक्के कमी झालं. कुणाचं जनुक बदललं नव्हतं, ताट भरलं होतं. आपल्याकडे नाचणी आहे, शेंगदाणे आहेत, कुळीथ आहे, अंडी मिळतात. ते थोरल्याइतकंच धाकट्याच्याही पानात पडू दे.

बाकीचं थोडक्यात. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, धाकट्याचा छातीचा फोटो नक्की काढा. आजार नाही असं दिसलं, तर सरकारी दवाखान्यात प्रतिबंधक गोळ्या मिळतात, त्यांबद्दल विचारा आणि सुरू झाल्या तर मधे सोडू नका. घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर ती तपासा, मधुमेहात क्षयाचा धोका सुमारे तिप्पट होतो. थोरल्याचं नाव नोंदलेलं असेल तर पोषणासाठी दरमहा 1000 रुपये खात्यात यायला हवेत. गोळ्यांच्या पाकिटावरच्या सूचना कन्नडमध्ये असू शकतात. वाचता येत नसतील तर आशाताईंकडून मोठ्यानं वाचून घ्या, लाजू नका. ‘क्षय’ हा शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहे.

आणि त्या मुलीकडच्यांना माझ्याकडे घेऊन या. फी नाही, वेळ लागेल तेवढा देईन. माझ्या मावशीसाठी हे कुणी केलं नाही.

प्रश्न: माझ्या दंडावर बीसीजीचा वण आहे. तरी 45 व्या वर्षी क्षय झाला. लस खोटी होती का?
– विडी कामगार भगिनी, निपाणी

उत्तर: लस खरी होती. बेळगावात टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो सगळ्यांना माहीत आहे. तिथं देवीची लस तयार व्हायची. ती लस एवढी पक्की ठरली की 1980 साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. त्यामुळे दंडावरचा प्रत्येक वण तेवढाच पक्का असतो, असं आपल्या लोकांना वाटतं. बीसीजी तान्ह्या बाळांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून चांगलं वाचवते. मोठ्यांच्या छातीच्या क्षयाचं तसं नाही. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांवर या लसीचा फायदा तीन चतुर्थांशांहून जास्त दिसला होता. तीच लस 1968 पासून तमिळनाडूत चेंगलपट्टूला लाखो लोकांवर तपासली आणि पंधरा वर्षांनी हिशेब केला, तेव्हा मोठ्यांत काहीच संरक्षण दिसलं नाही. याचं एक मोठं कारण असं मानतात की, आपल्या उष्ण मुलखात मातीत आणि पाण्यात क्षयाच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद असतात. लस टोचण्याआधीच शरीराची त्यांच्याशी गाठ पडलेली असते, त्यामुळे लसीला नवं शिकवायला फारसं उरत नाही. तुमच्या बाळाला आणि नातवंडांना बीसीजी जरूर द्या. स्वतःसाठी मात्र गोळ्या पुऱ्या करा आणि तंबाखू, मिश्री, विडी यांतलं जे काही असेल ते सोडा.

प्रश्न: बहिणीच्या मुलाला माझी मुलगी द्यायचं चाललंय. आत्ते-मामे नात्यात मुलं कमजोर होतात म्हणतात. बहिणीचंही लग्न मामाशीच झालंय, तिचं एक बाळ सात महिन्यांत सारखं आजारी पडून गेलं होतं.
– खानापूर तालुका

उत्तर: नात्यातल्या लग्नातून झालेली बहुतेक मुलं निरोगी असतात. पण काही दुर्मीळ आजारांत आई आणि बाप दोघांकडून एकच बिघडलेलं जनुक यावं लागतं, आणि नात्यात ते जुळून येण्याची शक्यता वाढते. मामा-भाचीच्या लग्नात बाळाच्या सुमारे आठव्या हिश्शाच्या जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात, आत्ते-मामे भावंडांच्या लग्नात सोळाव्या हिश्शाच्या. रोगप्रतिकाराचे काही जन्मजात दोष असेच उतरतात. बहिणीचं बाळ नेमकं कशानं गेलं, याचे जुने कागद आधी शोधा. बेंबीची नाळ पडायला फार उशीर झाला होता का, तोंडात पांढरा चट्टा सारखा यायचा का, बीसीजीची जागा चिघळली होती का, हे बहिणीला विचारा आणि लिहून ठेवा. तो कागद घेऊन लग्न ठरवण्याआधी जनुकांचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. लग्न झालं, तर पुढे बाळाला बीसीजी आणि पोलिओचे थेंब देण्याआधी तोच कागद बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण असा दोष असलेल्या बाळाला जिवंत जंतूंची लस बाधू शकते. आधी रक्त तपासून मग ठरवता येतं.