विचारा की : कपाटातली मदेरा

प्रश्न : भाऊ, आमच्या जावयांनी पोर्तुगालहून येताना मदेरा नावाची वाईन आणली होती. दिवाळीत बूच काढलं, पाहुण्यांनी थोडी थोडी चाखली आणि उरलेली अर्धी बाटली भांड्यांच्या कपाटात तशीच राहिली. फ्रिजमध्ये ठेवायचं सुचलंच नाही, अख्खा उन्हाळा गेला. रंगही काळसर तपकिरी दिसतोय. ओतून टाकू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : थांबा वहिनी, ओतू नका! दुसरी कुठली वाईन असती तर मीच म्हटलं असतं, मोरीत जाऊ द्या. साधी वाईन उघडली की चार-आठ दिवसांत आंबट होते, कारण हवा आणि ऊन तिला सोसत नाही. मदेरा मात्र त्या दोघांच्याच हाताखाली वाढलेली. भट्टीतून निघालेल्या पोरीला निपाणीचा मे महिना काय करणार?

द्राक्षाचा रस आंबत असताना त्यात द्राक्षाचंच ९६ टक्क्यांचं स्पिरिट ओततात. आंबणं तिथंच थांबतं आणि उरलेली साखर गोडी म्हणून राहते. म्हणून साध्या वाईनपेक्षा ही कडक, १७ ते २२ टक्के. पूर्वी मदेरा या पोर्तुगालच्या बेटावरून हिची पिंपं जहाजाच्या पोटात घालून उष्ण समुद्रातून थेट हिंदुस्थानापर्यंत पाठवायचे. काही पिंपं न विकता परत गेली, आणि तिथल्या लोकांना कळलं की फेरी मारून आलेली वाईन घरच्यापेक्षा चवदार लागते. तिला नावच पडलं ‘विन्यो द रोडा’, फेरीची वाईन. आता जहाजाचा खर्च कोण करतो? स्वस्तातली टाकीत भरून ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने तापवतात. चांगली असेल ती छपराखालच्या गरम माळ्यावर, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं पडून राहते. फुंशाल या तिथल्या बंदराच्या शहरात अशा एका माळ्यावर मी गेलोय. वास कसा, तर जुनी चिंच, गूळ आणि ओलं लाकूड एकत्र ठेवलेल्या कोठीचा. जुनी चिंच काळी पडली म्हणून तुम्ही टाकता का? रंगाचं तसंच आहे.

बाटली तेवढी उभी ठेवा, आडवी नको, बुचाला खाते. लेबलावर द्राक्षाची जात बघा : सेर्सियाल असेल तर कोरडी, म्हणजे गोडी सगळ्यात कमी, वेर्देल्यो त्याहून थोडी गोड, बुआल आणखी गोड, मालवाझिया सगळ्यात गोड. यातलं काहीच नसलं तर बहुधा टिंटा नेग्रा, तिथं सगळ्यात जास्त तीच पिकते. गोडातली निघाली तर स्वयंपाकात घालवू नका. बेळगावचा कुंदा आणा आणि छोट्या पेल्यात दोन घोट घ्या. आटवलेल्या दुधाची करपट गोडी आणि बुआल यांचं जमतं, हे मी जहाजावर स्वतः करून बघितलंय. एकवीस वर्षं बारमागे उभा राहिलेल्या माणसाचं एवढं ऐका.

प्रश्न : क्रूझ जहाजावर नोकरी लागलीय. फुंशाल बंदर लागणार आहे. तिथली ‘पोंचा’ म्हणजे लिंबू सरबतच, असं एक मित्र म्हणतो. खरं का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्याच तालुक्यातला आहेस, म्हणून तूच म्हणतो. तुझा मित्र एकच ग्लास पिऊन उठला असणार.

पोंचात लिंबू असतं, मध असतो आणि उसाच्या ताज्या रसाची दारूही असते. होय की, ऊस! आपल्याकडे गुऱ्हाळं, तसे तिथं चरक. पोर्तो द क्रूझ गावातला तर अजून वाफेवर चालतो. दारूवाला ग्लासात काय घालतो यापेक्षा तो हलवतो कशानं, ते बघ. दांडा लाकडी, टोकाला दातेरी गड्डा, दोन्ही तळहातांत धरून गरागरा फिरवतो. आईची ताकाची रवीच! फेस येईपर्यंत घुसळतो, मग पुढ्यात शेंगा ठेवतो. टरफलं जमिनीवरच टाकायची, तिथं कुणी काही म्हणत नाही.

मी, लोकांना मोजून पाजणारा माणूस, पहिल्या वेळी सरबत समजून तीन घेतले. बसलेलो असेपर्यंत ठीक होतं. जहाजाच्या शिडीपाशी पहारेकऱ्यानं केबिनचा नंबर विचारला, मी गावाचं नाव सांगितलं, “नंदगड.” दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं, ते काय बोलले ते छापण्यासारखं नाही. तू एकच घे, तेही सुट्टी असेल तेव्हा.

कामारा द लोबुश या कोळ्यांच्या गावी ‘निकिता’ मिळते : अननस, आइस्क्रीम आणि वर वाईन किंवा बिअर. मला नाही आवडली. त्यापेक्षा घरी न्यायला ‘बोलो द मेल’ घे, काकवीचा काळा केक. महिनोन्‌महिने टिकतो. आईला मात्र आधीच सांगून ठेव, त्याला सुरी लावत नाहीत, हातानं तोडतात.