कोल्हापुरी चपलांच्या दुकानासाठी ९९ रुपयांचं डोमेन (वेबसाइटचं नाव) घ्यावं का?

घ्यायला हरकत नाही, पण दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा दर परवडत असेल तरच. मी इथं शाहूपुरीत लहान दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळतो. अशा पहिल्या वर्षाच्या स्वस्त ऑफरवरच्या तक्रारी बहुतेक दुसऱ्या बिलानंतरच येतात. डॉट कॉमचा घाऊक भाव व्हेरिसाइन ही एकच कंपनी घेते आणि तो सगळ्या विक्रेत्यांना सारखा असतो. म्हणजे ९९ ला विकणारा पहिल्या वर्षी पदरचे घालतो आणि पुढं वसूल करतो. डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन यांत तर पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या दरात कित्येक पटींचा फरक दिसतो. तोवर महाद्वार रोडच्या पाटीवर, खोक्यांवर, पिशव्यांवर नाव छापून झालेलं असतं, मग सोडणार कसं?

पैसे भरण्याआधी एवढं बघा:
- ९९ चा दर एका वर्षाच्या खरेदीवर आहे, की दोन-तीन वर्षं एकदम घ्यावी लागतात? वर १८ टक्के जीएसटी आहेच.
- कार्टमध्ये ईमेल, होस्टिंग (वेबसाइट ठेवायची जागा) आपोआप टिक झालंय का? काढून टाका.
- डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर हवं. वेबसाइट करणाऱ्या पोराच्या नावावर नको.

दर पटला नाही तर डोमेन दुसऱ्या कंपनीकडं हलवता येतं, मात्र डॉट कॉमसारख्या डोमेनना नोंदणीनंतर साधारण पहिले ६० दिवस ते जमत नाही. आणि मुदत संपायच्या आत हलवा. संपून महिना-दीड महिना गेला की सोडवायचा दंड मूळ किमतीच्या कितीतरी वर जातो.