क्लोराइड उलटं का लिहायचं?

प्रश्न : सर, मेम्ब्रेन पोटेन्शियलचं, म्हणजे पेशीच्या पटलाच्या आतबाहेरच्या व्होल्टेजमधल्या फरकाचं, एक गणित अडलंय. पोटॅशियम आत १४० बाहेर ५, सोडियम आत १५ बाहेर १४५, क्लोराइड आत १० बाहेर ११०, सगळं मिलिमोलरमध्ये. परमिएबिलिटी (आयन पटलातून किती सहज जातो ते) याच क्रमाने १ : ०.०४ : ०.४५, तापमान ३७ अंश. उत्तर उणे ६७ मिलिव्होल्ट दिलंय आणि माझं चारही वेळा उणे २३ आलं. कुठे चुकतंय?

उत्तर : क्लोराइडपाशी. गोल्डमनच्या समीकरणात प्रत्येक आयनचा आकडा त्याच्या परमिएबिलिटीने गुणून बेरीज करायची असते, आणि तुम्ही तिन्ही आयनांचं बाहेरचं वर आणि आतलं खाली धरलंय, मी तसं करून बघितलं तर ६०.३ भागिले १४५.१ आलं आणि त्यातून तुमचं उणे २३ च निघतं. क्लोराइडचा चार्ज ऋण, म्हणून त्याचं उलटं, आतलं वर आणि बाहेरचं खाली. आता वर ५ अधिक ५.८ अधिक ४.५ म्हणजे १५.३, खाली १४० अधिक ०.६ अधिक ४९.५ म्हणजे १९०.१, भागाकार ०.०८०५, त्याचा लॉग उणे १.०९४, गुणिले ६१.५, झालं उणे ६७.३. (६१.५ हा ३७ अंशांचा आकडा, आणि तो दहाच्या लॉगसाठी आहे हं, नॅचरल लॉग घेतलात तर २६.७ घ्या, इथेही खूप जण घसरतात.)

पण उत्तर जुळलं म्हणून वही मिटू नका, ती वरची बेरीज परत बघा. सोडियमची परमिएबिलिटी पोटॅशियमच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी, तरी त्याचे ५.८ आणि पोटॅशियमचे ५! कारण बाहेर सोडियम पोटॅशियमच्या २९ पट आहे. एकट्या पोटॅशियमवर नर्न्स्टने (एकाच आयनसाठीच्या समीकरणाने) काढलं तर उणे ८९ येतं, तिथून वर खेचतो तो मुख्यतः हाच सोडियम. क्लोराइडचं स्वतःचं पोटेन्शियल उणे ६४, म्हणजे जवळपासच, त्यामुळे ते गाळलंत तरी उणे ६८.५ येतं, फार काही हलत नाही.

तुमच्या गणितातलं हे १ : ०.०४ : ०.४५ म्हणजे हॉजकिन आणि काट्झ यांनी १९४९ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूसाठी, म्हणजे अ‍ॅक्सॉनसाठी दिलेलं प्रमाण, गोल्डमनचं १९४३ चं समीकरण वापरून. अ‍ॅक्शन पोटेन्शियलच्या (संदेश जाताना व्होल्टेज क्षणभर उसळतं, त्याच्या) शिखरावर त्यांनी ०.०४ च्या जागी २० धरलं. तुमच्याच आकड्यांत तेवढाच एक बदल करा, अधिक ४७.६ येईल. एकाही आयनचं प्रमाण बदललेलं नाही, फक्त सोडियमची दारं उघडली. त्या वेळी आतबाहेरच्या आयनांची अदलाबदल होते असं बरीच मुलं पेपरात लिहितात, ते चूक आहे. जे आत शिरतं ते इतकं थोडं असतं की १५ चा आकडा जवळपास १५ च राहतो.