मधुमेह आणि घसरलेलं पोटॅशियम: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : वय ५८, मधुमेह बारा वर्षांपासून. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन-क्लोर्थॅलिडोनची एकत्र गोळी चालू आहे. महिनाभर रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, जिना चढताना मांड्या गळून जातात. तपासणीत पोटॅशियम ३.१ आलं. शेजारी म्हणतात रोज केळं खा, शहाळं प्या. साखर वाढेल म्हणून धीर होत नाही. काय करावं? (सिडको, नाशिक)

उत्तर : रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं एकक) प्रति लिटर असावं. ३.१ म्हणजे सौम्य घट, पण तुम्हाला त्रास होतोय, त्यामुळे ती अंगावर काढू नका.

पहिला संशय क्लोर्थॅलिडोनवर. ही लघवी वाढवणारी गोळी आहे; मिठाबरोबर पोटॅशियमही बाहेर नेते. टेल्मिसार्टन उलट पोटॅशियम धरून ठेवतं, म्हणून ही जोडी बरेचदा तोल सांभाळते. पण दरवेळी नाही. गोळी मात्र मनाने बंद करू नका, रक्तदाब उसळेल. मात्रा कमी करायची की औषध बदलायचं, हे डॉक्टरांना विचारा. दुसरं कारण साखर. ती साधारण १८०च्या वर राहिली की लघवीत उतरते आणि पाण्यासोबत पोटॅशियमही ओढून नेते. शिवाय पोटॅशियम घसरलं की स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं, म्हणजे साखर आणखी वाढते. मेटफॉर्मिनने वारंवार जुलाब होत असतील तर तेही आवर्जून सांगा.

पोटॅशियमसोबत मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि ईसीजी करून घ्या. मॅग्नेशियम कमी असेल तर मूत्रपिंड पोटॅशियम धरूच शकत नाही. कितीही औषध घ्या, आकडा पुन्हा खाली येतो. ही तपासणी राहून जाते आणि रुग्ण महिनोन् महिने पोटॅशियमचं सिरप घेत बसतो.

आता केळ्याचा हिशेब. रक्तातला आकडा ०.३ने उतरला तर शरीरातला साठा ढोबळमानाने १०० एमईक्यूने घटलेला असतो. नेहमीची पातळी ४च्या जवळपास धरली तर तुमची तूट म्हणजे दोनशे ते तीनशे एमईक्यू. मध्यम केळ्यात पोटॅशियम सुमारे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे १० एमईक्यू, आणि कर्बोदकं जवळजवळ २५ ग्रॅम. तूट भरायला वीस-तीस केळी लागतील, तीही गळती थांबली तर. शिवाय लघवीच्या गोळीने क्लोराइडही जातं आणि फळांतल्या पोटॅशियमसोबत ते फारसं येत नाही. म्हणून औषध म्हणून पोटॅशियम क्लोराइड देतात. सिरपमध्ये बहुधा १५ मिलिलिटरला २० एमईक्यू असतं. बाटलीवर वाचून खात्री करा. मोठ्या ग्लासभर पाण्यात मिसळून, जेवणानंतर, घोट घोट घ्यायचं. तसंच प्यायलं तर पोटात जळजळ आणि उलटी होते. गोळी दिली असेल तर ती चावू किंवा कुटू नका. पुन्हा रक्त कधी तपासायचं तो दिवस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आहारात पालक, मटकी, राजमा, टोमॅटो, ताक ठेवा. पालक उकडून पाणी फेकलं तर पोटॅशियम त्या पाण्यातच जातं. द्राक्षं आपल्या जिल्ह्याची, पण या कामाची नाहीत : १०० ग्रॅममध्ये पोटॅशियम सुमारे १९० मिलिग्रॅम आणि साखर १६ ग्रॅमच्या आसपास. मनुक्यांत पोटॅशियम भरपूर, पण निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच.

ग्लिमेपिराइडने साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून गळून गेल्यासारखं वाटलं की आधी ग्लुकोमीटरने साखर पाहा. घाम, थरथर आणि आकडा ७०च्या खाली, तर तो पोटॅशियमचा प्रश्न नाही. लगेच साखर घ्या. छातीत धडधड, चक्कर किंवा हातपाय उचलेनासे होणं, यात घरी थांबू नका.

प्रश्न : आई ६७ वर्षांची, इन्सुलिनवर. मे महिन्यात सकाळी घरून रक्त नेलं, ते नाशिकच्या लॅबमध्ये दुपारी पोहोचलं. पोटॅशियम २.९. आईला काहीच त्रास नव्हता. संध्याकाळी रुग्णालयात पुन्हा पाहिलं तर ४.१. खरं कोणतं? (निफाड तालुका)

उत्तर : बहुधा दुसरं. रक्त नळीत काढल्यावरही त्यातल्या पेशी जिवंत असतात. उन्हात तापलेल्या डब्यात त्या पोटॅशियम आत ओढत राहतात आणि आकडा खोटा खाली येतो. नळी थेट बर्फावर ठेवली तर उलट होतं : पोटॅशियम पेशींतून बाहेर झिरपतं आणि आकडा खोटा वर जातो. रक्त काढताना मूठ सारखी आवळली किंवा पेशी फुटल्या तरी तो वरच जातो. म्हणून ही तपासणी शक्यतो लॅबमध्ये जाऊनच करा. घरूनच द्यायची असेल तर सीरम (रक्ताचा पेशींविना पातळ भाग) लवकर, शक्यतो तासाभरात वेगळं होईल ना, ते विचारा. इन्सुलिन किती वाजता घेतलं तेही सांगा, कारण इन्सुलिन पोटॅशियम पेशींत ढकलतं. तरीही २.९ दिसलं की त्याच दिवशी पुन्हा तपासणं बरोबरच. तुम्ही ते केलंत.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, टाइप १ मधुमेह. कीटोअ‍ॅसिडोसिसने (इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची आम्लं साचणं) दाखल होता. आल्यावर पोटॅशियम ५.२, म्हणजे जास्तच. तरी सलाइनमधून पोटॅशियम का दिलं? (पंचवटी)

उत्तर : कारण ते ५.२ फसवं होतं. इन्सुलिन नसताना पोटॅशियम पेशींतून रक्तात येतं आणि तिथून लघवीत, उलटीत निघून जातं. या अवस्थेत शरीराची तूट दर किलो वजनाला ३ ते ५ एमईक्यू असते. ५० किलोच्या मुलाची १५० ते २५०. इन्सुलिन सुरू झालं की उरलेलं पोटॅशियम झपाट्याने पेशींत परततं, रक्तातली पातळी कोसळते आणि हृदयाची लय बिघडू शकते. लघवी नीट होत असेल तर पातळी ५च्या आसपास येताच म्हणूनच सलाइनमध्ये पोटॅशियम मिसळतात. आल्याबरोबरच आकडा ३.५च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम देतात, इन्सुलिन नंतर. ते थेंबाथेंबानेच जातं, बहुधा तासाला १० ते २० एमईक्यू. शिरेत एकदम टोचलं तर हृदय थांबतं. दर दोन-चार तासांनी रक्त काढत होते, ते यासाठीच.

घरी एवढं पाळा : उलट्या होत आहेत, जेवण जात नाही, म्हणून त्याचं इन्सुलिन पूर्ण बंद करू नका. साखर आणि कीटोन तपासा. उलट्या थांबत नसतील तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : खोकल्यासाठी दोन महिने रोज ज्येष्ठमधाचा काढा घेतोय. रक्तदाब वाढला, पोटॅशियम ३.३. संबंध असेल? आणि लो सोडियम मीठ घेतलं तर चालेल? (सातपूर)

उत्तर : दाट शक्यता आहे. ज्येष्ठमधातला ग्लिसिरायझिन हा घटक शरीरात मीठ धरतो आणि पोटॅशियम घालवतो. काढा बंद करा, डॉक्टरांना सांगा. परिणाम ओसरायला काही आठवडे लागू शकतात. लो सोडियम मीठ मनाने सुरू करू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, पाकिटावर घटकांच्या यादीत ते सापडेल. मधुमेहाने मूत्रपिंड मंदावलं असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या औषधांपैकी काही चालू असेल, तर पोटॅशियम धोकादायक पातळीवर चढू शकतं. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट दाखवून मगच विचारा.