एकच गोष्ट: रीलवर, रेडिओवर, दुकानात

भावा, कोल्हापुरी चपलेवर ६० सेकंदांची रील करायची, तर सुरुवात कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या बाजारातल्या गर्दीने करू नकोस. पहिल्या ३ सेकंदांत अडचण दाखव: कारागीर तळ शिवतोय आणि ताणताना चामड्याची वादी तुटते. आता हा काय करणार, यासाठी माणूस थांबतो. पण तुटल्याचं नाटक करायला लावू नकोस. दोन-तीन तास शेजारी बसलास की असा खरा क्षण मिळतोच. २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन (जीआय टॅग, म्हणजे वस्तू त्याच भागाची असल्याची सरकारी नोंद) एका वाक्यात उरक, ती माहिती झाली, गोष्ट नव्हे.

प्रत्येक कामाचे तीन शॉट घे: हात, चेहरा, वस्तू. एकच लांबून घेतलास तर एडिटिंगला जोडायला काही उरत नाही. ठोक्यांचा आवाज वेगळा अर्धा मिनिट रेकॉर्ड कर, तोही पंखा बंद करून, नाहीतर घरघर नंतर नीट काढता येत नाही. निवेदन ९० शब्दांच्या आत ठेव. जास्त झालं की ठोके ऐकूच येत नाहीत.

रेडिओवर तुटलेली वादी दिसणार नाही. तिथं आधी ठोके, मग अचानक शांतता, मग कारागिराचं वाक्य. ‘इथं बघा’ असले शब्द काढून टाक.

दुकानात तर बोलणं आणखी कमी. चप्पल गिऱ्हाइकाच्या हातात दे, उलटी करून शिवण दाखव, बाभळीची साल आणि हिरड्यानं चामडं कमावतात एवढं सांग. किंमत त्यानंतर.