बंगळुरूला जा, पण त्या मिनीबसने नको

या धाग्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. ऐरोलीचा आहेस, पहिलीच नोकरी म्हणतोस, म्हणजे माझ्या भाच्याच्या वयाचा. अरे-तुरे चालवून घे.

थोडक्यात तुझं म्हणणं असं: शुक्रवारी मुंबई सिटी, म्हणजे आयएसएल या फुटबॉल लीगमधला आपला संघ, कोचीत केरळ ब्लास्टर्सकडून १-० हरला. आता साखळीतला शेवटचा सामना मंगळवारी, ११ मार्च २०२५ ला, बंगळुरूत. एक गुण मिळाला तर आपण सहावे आणि प्लेऑफमध्ये (पहिल्या सहांची बाद फेरी), हरलो तर ओडिशा आत आणि आपण घरी. तू विचारलंयस की एवढ्या लांब जाण्यात काही अर्थ आहे का. ऑफिसच्या खालचा बुकिंगवाला तुम्हा तिघांना मंगळवारची आणि महिनाअखेरच्या नॉकआउटची अशा दोन्ही फेऱ्यांची मिनीबस एकदम स्वस्तात देतोय, पैसे सगळे आगाऊ, ती घ्यावी का. आणि आई म्हणते "तू बघायला बसलास की हरतात", त्याचं काय करायचं.

मी लिहितेय ते त्या मिनीबसमुळे. पण आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. जा.

गुणांचं सगळं गणित तू पोस्टमध्ये मांडलंच आहेस, त्यात शिरत नाही. मी काही फुटबॉलची जाणकार नाही, लायसन्सवाली कोच तर नाहीच. नेरूळला राहते आणि २०१४ ला हा संघ आमच्या दाराशी, डी. वाय. पाटीलवर खेळायला आला म्हणून लागलेला नाद, एवढंच. अनेल्का, ल्युंगबर्ग अशी मोठी परदेशी नावं आणि टेबलात आठांपैकी सातवे. पुढच्या वर्षी सहावे. त्याच २०१५ च्या मोसमात सुनील छेत्रीने आपल्या निळ्या जर्सीत नॉर्थईस्टविरुद्ध हॅटट्रिक मारली, आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली. आणि त्याच मोसमात गोव्यात जाऊन आपण ७-० ने मार खाल्ला. २०१६ ला संघ अंधेरीला गेला आणि लगेच साखळीत पहिला आला. नेरूळ सोडल्या सोडल्या पहिला. ते मला अजून झोंबतं.

सांगायचं ते हे की या संघाच्या मागे लागायचं तर टेबल बघून लागता येत नाही. २०२१ ला शील्ड (साखळीत पहिल्याला मिळते ती) आणि कप (बाद फेरीतून मिळतो तो) दोन्ही घेतले, तेव्हा सगळे सामने गोव्यात बंद दाराआड, स्टेडियममध्ये प्रेक्षक कोणीच नाही. गेल्या वर्षी गोव्यातल्या सेमीफायनलला नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० मागे होतो आणि ३-२ ने जिंकून आलो, पुढे कपही घेतला. तोच संघ यंदा सहाव्या जागेसाठी धडपडतोय. डियाझ, नोगेरा आणि आपला राहुल भेके बंगळुरूला गेले, अपुइया मोहन बागानला. चारही जण मुख्य संघातले. ते गेल्यावर जे होतं ते झालंय. २३ सामन्यांत ९ बरोबऱ्या. यात कोच क्राटकीचा दोष किती आणि वरच्यांचा किती यावर इथे आधीच दोनशे प्रतिसाद झालेत, मी भर घालत नाही.

मला भीती आहे ती वेगळीच, "फक्त एक गुण हवाय" या वाक्याची. कोचीतही फक्त एक गुणच हवा होता. मागे खेचून बसलो, दुसऱ्या हाफला केरळच्या पेप्राने गोल मारला आणि मग जाग आली. २०२० च्या फेब्रुवारीत अंधेरीत चेन्नईयिनविरुद्ध शेवटचा सामना असाच. जिंकलो असतो तर आत होतो. शेवटच्या काही मिनिटांत गोल खाल्ला, आणि मारणारा कोण, तर लुसियान गोइयान, आपलाच जुना कप्तान. यंदा समोर भेके आणि डियाझ आहेत, तेव्हा मी काय म्हणतेय ते कळलं असेल. बरोबरीसाठी खेळायला गेलो तर हरून येणार, हे माझं मत, चूक असू शकतं. पहिल्या पंधरा मिनिटांत आपल्या छांगतेला मोकळं धावू द्या, एक गोल घ्या, मग काय बचाव करायचा तो करा. आणि छेत्री, आता बंगळुरूचा, नुकताच निवृत्तीतून राष्ट्रीय संघात परतलाय, बंगळुरू आधीच आत आहे, म्हणजे त्याला बाहेर बसवतील, या हिशोबावर तर अजिबात राहू नकोस.

तर जा. हरलो तर निदान समोर हरलेलं बघशील. मोबाइलवर चाक फिरत असताना हरणं त्याहून वाईट असतं.

आता मिनीबस.

मार्च २०२३. त्या वर्षी आपण शील्ड जिंकलेली, अठरा सामने न हरता. सेमीफायनलचा पहिला सामना अंधेरीत ०-१ हरलो, दुसरा बंगळुरूत, रविवारी १२ मार्चला. समोर कोण येणार हेच ३ तारखेला रात्री कळलेलं (तोच तो सामना, छेत्रीने फ्रीकिक पटकन मारली आणि केरळचा संघ मैदान सोडून गेला). म्हणजे हातात आठवडाभर. ट्रेनचं वेटिंग तीन आकडी, विमानाचे भाव तर विचारूच नको. आमच्या कंपूत मी, भाऊ, भाचा आणि स्टेडियमच्या स्टँडमध्ये ओळख झालेली मंडळी. कोणीतरी नवी मुंबईतलंच एक बुकिंग ऑफिस सुचवलं. नाव सांगणार नाही, व्यक्तिगत निरोप करून विचारूही नका. ऑफिस चकाचक, एसी, भिंतीवर तिरुपती-शिर्डीचे फोटो, पाणी विचारतात. पूर्ण पैसे आगाऊ घेतले, पावती दिली, शनिवारी दुपारी तीनला गाडी नेरूळ एलपीला येणार असं ठरलं.

तीनला गाडी नाही. फोन केला, "गाडी निघालीय, सानपाड्याला आहे." चारला सानपाड्याला आहे. साडेपाचला सानपाड्याला आहे. अरे, सानपाडा आणि नेरूळ यांच्यामध्ये एक जुईनगर! ढकलत आणली असती तरी आली असती. सातला भाऊ रिक्षा करून त्या ऑफिसात गेला. तिथली बाई म्हणाली, "वाहतुकीचं आमच्याकडे नसतं, आम्ही फक्त बुकिंग बघतो." मग वाहतुकीचं कोणाकडे असतं? "मॅनेजर सरांकडे." मॅनेजर सर कुठे आहेत? "सर फिल्डवर आहेत." गाडी आली मध्यरात्रीनंतर, ती दुसऱ्याच कोणाची तरी, ठरलेल्यापेक्षा लहान, एसी बंद. ड्रायव्हर बिचारा वाशिमहून भाडं सोडून तसाच आलेला, त्याला बंगळुरूला जायचंय हे कळंबोलीत कळलं. त्याच्यावर माझा राग नाही. साताऱ्याच्या अलीकडे त्याला आम्हीच दोन तास झोपायला लावलं.

कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, एकेक गाव मागे पडत होतं आणि घड्याळ पुढे. दावणगेऱ्याच्या पुढे टायर गेला. साडेसातला सामना सुरू झाला तेव्हा तुमकुरूच्या अलीकडे होतो. आपल्या बिपिनचा गोल भाच्याने ओरडून सांगितला, रेंज गेली, आली तेव्हा मेहताबने दुसरा मारलेला. दोन्ही सामने मिळून २-२. गाडीत सगळे नाचतायत आणि बाहेर ट्रकच्या रांगा. आत पोचलो तेव्हा जादा वेळही संपत आला होता. बघायला काय मिळालं, तर पेनल्टी. ८-८ पर्यंत गेलं. मग मेहताबची बंगळुरूच्या गोलकीपरने, गुरप्रीतने अडवली, त्यांच्या झिंगनने मारली, ९-८, खेळ खलास. ज्याचा गोल बघायचा राहिला त्याचीच अडवलेली पेनल्टी तेवढी डोळ्यांनी बघितली.

बरं, हरण्याचं दुःख एका जागी. परत आल्यावर पैसे मागायला गेलो तर काउंटरवरचा शांतपणे म्हणतो, "मॅडम, तुम्ही पोचलात ना? मग ट्रिप कम्प्लीट झाली." वेळेचं काय? "पावतीवर वेळ अंदाजे लिहिलेली असते." खरंच होती, मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. एसीचं काय? त्यासाठी वेगळा अर्ज. अर्जाला गाडीचा नंबर हवा, पावतीवर जो नंबर होता ती गाडी आलीच नव्हती, आणि जी आली तिचा नंबर "आमच्या सिस्टीममध्ये नाही". म्हणजे आम्ही गेलोच नाही म्हणा ना! हेलपाटे घालून घालून शेवटी एक कूपन दिलं, पुढच्या प्रवासात काही टक्के सूट, मुदत मे अखेर. मे महिन्यात कुठला सामना असतो रे? ग्राहक मंचात जायचं म्हणून भावाने कागद गोळा केले, पण निम्म्या लोकांचे पैसे रोखीत दिलेले, त्याची नोंदच नाही, आणि मग ज्याची त्याची कामं. कायद्याचं मला फारसं कळत नाही, इथले वकील सदस्य सांगतील, पण कागद पक्के असते तर मी सोडलं नसतं.

म्हणून "दोन्ही फेऱ्यांची एकत्र, पैसे आगाऊ" हे वाचल्यावर माझं डोकं फिरलं. तुझा बुकिंगवाला तोच असेल असं नाही, सज्जन माणूसही असू शकतो. पण नॉकआउटची फेरी आता विकत घ्यायची म्हणजे संघ आत जायच्या आधीच. सहावे झालो तर एकच सामना, तोही तिसऱ्या क्रमांकाच्या घरी. टेबल बघता तिथेही पुन्हा बंगळुरूच येण्याची शक्यता जास्त, त्यामुळेच तो तुला एका ठिकाणाच्या दोन फेऱ्या विकतोय. हुशार आहे. पण मंगळवारी हरलो तर दुसऱ्या फेरीचे पैसे तो देईल का, आणि लेखी देईल का, एवढंच त्याला विचार. "बघू ना साहेब" असं उत्तर आलं की उठून ये.

मिनीबसच करायची असेल तर निम्मे पैसे गाडी दारात आल्यावर द्यायचे. आदल्या दिवशी गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल घ्यायचा, आणि ड्रायव्हरशी स्वतः बोलायचं, त्याला निदान कुठे जायचंय ते माहीत आहे का बघायचं. पैसे यूपीआयनेच. पण तुम्ही तिघेच जाताय तर मिनीबस कशाला? नेहमीच्या स्लीपर बसने सोमवारी संध्याकाळी निघालात तर मंगळवारी दुपारच्या आत पोचता. किंवा सोमवारी सकाळी उद्यान एक्सप्रेस, कल्याणला पकडायची, वेळ जास्त लागतो पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवते आणि अख्खा दिवस हातात राहतो. तिकीट तत्काळमध्ये मिळालं तर. स्टेडियम मेट्रोच्या कब्बन पार्क स्टेशनजवळ आहे. सुटल्यावर जेवत बसू नका, परतीच्या खाजगी बस आनंदराव सर्कलकडून सुटतात, तिथे आधी पोचा. ही माझी २०२३ ची माहिती, वेळा बदलल्या असतील, बघून घे. निळी जर्सी घालून भर गर्दीत केरळ-बंगळुरूवाल्यांशी वाद घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. आपले वेस्ट ब्लॉकवाले, म्हणजे मुंबई सिटीचा चाहत्यांचा गट, कुठे बसणार ते विचार आणि त्यांच्यातच बस.

सुट्टीचं: मार्च एंड आहे आणि गुरुवारी होळी, शुक्रवारी धुळवड. मंगळवार-बुधवार मागितलेस की साहेबाला वाटणार पोरगा आठवडाच खातोय. "घरगुती काम" लिही, पण सामन्याचे फोटो लगेच स्टेटसला टाकू नकोस.

आणि आई. बघण्याने संघ हरत नाही हे तिला पटणार नाही, मलाही पूर्ण पटत नाही. तिला दुसरी एक गंमत सांग. २०१९ ला गोव्याने आपल्याला सेमीफायनलला काढलं, गोवा फायनल हरला. २०२० ला आपली जागा चेन्नईयिनने घेतली, तेही फायनल हरले. २०२२ ला शेवटच्या सामन्यात आपण हैदराबादकडून हरलो म्हणून केरळ आत गेलं, केरळ फायनल हरलं. २०२३ ला बंगळुरू, तेही. आपल्या डोक्यावर पाय देऊन पुढे गेलेल्याला कप मिळत नाही, निदान २०१९ पासून तरी नाही. मंगळवारी याचा उपयोग शून्य. आणि आईला सांगताना जपून, ती म्हणेल मग या वेळी तू बंगळुरूच्या बाजूने बस आणि नीट डोळे उघडे ठेवून बघ.