संगणक-शंका: ३०६० घ्यावं की ४०६०?

प्रश्न : मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घरांची चित्रं करते आणि एकेक रेंडर (पक्कं चित्र तयार होणं) रात्रभर चालतं, म्हणून ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलंय. दुकानदार म्हणतो, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० घ्या, नवं आहे. धाकट्याचंही तेच मत, त्याला गेम खेळायचेत. मुलगी १२ जीबीच्या ३०६० साठी अडून बसलीय. मी दोन्हींचे आकडे कागदावर मांडले, तर जुन्या ३०६० मध्येच कोअर जास्त, मेमरी जास्त, बँडविड्थही जास्त! मग नवं चांगलं कसं? घरी आय५-१०४०० प्रोसेसर, बी४६० मदरबोर्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि साधा फुल एचडी मॉनिटर आहे. वेगळं कार्ड सध्या नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमचा कागद बरोबर आहे. फक्त त्यातल्या तीन ओळींपैकी दोन सोडून द्या.

पहिली सोडायची ती कोअरची, म्हणजे चिपमधल्या हिशोब करणाऱ्या छोट्या भागांची. ३०६० मध्ये ३५८४ कोअर, ४०६० मध्ये ३०७२. पण त्यांचा वेगही बघा. ३०६० चा बूस्ट क्लॉक १७७७ मेगाहर्ट्झ, ४०६० चा २४६०. कोअर, क्लॉक आणि २ (दर ठोक्याला एक कोअर दोन हिशोब करतो) यांचा गुणाकार केला की कागदावरची ताकद निघते : ३०६० ची पावणेतेरा टेराफ्लॉप्सच्या (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी हिशोब) आसपास, ४०६० ची पंधराच्या थोडी वर. कमी कोअरवाल्याने बाजी मारली. ३०६० ची चिप २०२१ ची, सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेतली. ४०६० ची २०२३ ची, टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच पुढच्या प्रक्रियेतली. म्हणून ती जास्त वेगाने पळूनही ११५ वॅटमध्ये भागवते, ३०६० ला १७० लागतात. रोज चार तास पूर्ण भाराने चालवलं तर महिन्याला साडेसहा युनिटचा फरक. बिल बघून कुणी कार्ड बदलावं एवढा नाही.

दुसरी ओळ बँडविड्थची, म्हणजे मेमरीतून सेकंदाला किती डेटा ये-जा करतो त्याची. बसची (चिप आणि मेमरीमधल्या वाटेची) रुंदी गुणिले मेमरीचा वेग, भागिले ८. ३०६० : १९२ गुणिले १५, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. ४०६० : १२८ गुणिले १७, म्हणजे २७२. इथे जुनं कार्ड खरंच पुढे आहे. पण ४०६० च्या चिपमध्ये एल२ कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) २४ एमबी ठेवलीय, ३०६० मध्ये ती ३ होती. वारंवार लागणारा डेटा चिपमध्येच सापडला की मेमरीपर्यंत जावं लागत नाही, त्यामुळे ही तूट बरीचशी भरून निघते. कंपनीने रुंद बसचे पैसे वाचवले हेही खरंच. जाहिरातीत ते कोण सांगणार?

उरली मेमरी. १२ विरुद्ध ८ जीबी. तुमचा निर्णय इथेच आहे.

मुलगी भिंतीला, फरशीला, लाकडाला जी टेक्श्चर (पृष्ठभागाची चित्रं) लावते त्यांचा हिशोब बघा. ४के टेक्श्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, रंगीत असेल तर प्रत्येकाला ४ बाइट. झाले ६४ एमबी. डिस्कवर ती जेपीजी फाइल पाच-सात एमबीची दिसते, पण रेंडर करताना ती पूर्ण उलगडून मेमरीत बसते. एका मटेरियलला अशा चार फाइली लावल्या तर २५६ एमबी, आणि वीस मटेरियल झाली की पाच जीबी. यात अजून झाडं नाहीत, गवत नाही, सोफ्यावरच्या उशा नाहीत. विद्यार्थ्यांना बंगल्यापुढे झाडं लावायची भारी हौस असते!

दृश्य ८ जीबीत मावलं तर ४०६० रेंडर लवकर उरकेल, यात शंका नाही. नाही मावलं तर कार्ड संगणकाच्या रॅमपुढे हात पसरतं आणि वेग कोसळतो, किंवा मेमरी संपल्याचं सांगून रेंडर मधेच थांबतं. त्यात तुमच्या घरी आणखी एक मेख आहे. ४०६० मदरबोर्डवरच्या स्लॉटमधल्या आठच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं, ३०६० सोळा. नव्या पीसीआय ४ (स्लॉटची वेगवान पिढी) बोर्डावर हे फारसं जाणवत नाही, पण बी४६० पीसीआय ३ वर चालतो. तिथे आठ लेन म्हणजे एका दिशेने सेकंदाला जेमतेम ८ जीबी, सोळा लेनच्या निम्मे. म्हणजे मेमरी संपून रॅमकडे धाव घ्यायची वेळ येते, नेमकी तेव्हाच वाटही अरुंद.

म्हणून दुकानात जायच्या आधी मुलीला तिचं सगळ्यात जड दृश्य आहे त्याच संगणकावर, ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये रेंडर करायला सांगा. रेंडरच्या खिडकीत वरच्या पट्टीत 'पीक' असा मेमरीचा आकडा दिसतो. कार्डावर तो थोडा वेगळा येईल, अंदाजाला पुरतो. सहा जीबीच्या आत असेल तर आजच्यापुरतं ४०६० पुरेल, त्यापुढे असेल तर मुलीचं ऐका. तिसऱ्या वर्षाला आकडा पाचवर असेल तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तो तिथेच थांबणार नाही, म्हणून माझा कल ३०६० कडेच आहे. २०२५ मध्ये आलेल्या ५०६० ला नवी, वेगवान मेमरी आहे, पण तीही ८ जीबीच.

धाकट्याची बाजूही सांगतो. ४०६० मध्ये मधल्या फ्रेम स्वतः तयार करणारं डीएलएसएस ३ आहे, ३०६० ला ते मिळत नाही. पण फुल एचडी मॉनिटरवर व्हॅलोरंटसारखा गेम दोन्हींवर आरामात चालतो. रुसेल दोन दिवस.

एसएमपीएस मात्र बदला. दोन्ही कार्डांसाठी कंपनी ५५० वॅट सांगते. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल रेंडरच्या वेळी मदरबोर्डलाच लावा. बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स चालू ठेवलं की विंडोजचा पडदा त्यावर चालतो आणि कार्डाची काही शे एमबी मोकळी राहतात. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'सिस्टीम'खाली ऑप्टिक्स (एनव्हिडियाच्या कार्डावर रेंडर करायची पद्धत) निवडायला आणि दृश्यात जीपीयू, म्हणजे हे कार्ड, लावायला विसरू नका. हे न करता 'कार्ड घेऊनही फरक पडला नाही' म्हणणारे माझ्याकडे नेमाने येतात.

प्रश्न : मीही ३०६० घेतलं, पण टास्क मॅनेजरमध्ये ८ जीबीच दिसतं. कार्ड बनावट आहे का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : बनावट असेलच असं नाही. २०२२ च्या अखेरीस ३०६० ची ८ जीबीची आवृत्तीही आली. नाव तेच, कोअर तेवढेच, पण बस १२८ बिट आणि बँडविड्थ २४० जीबी. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून 'बस विड्थ' बघा. १२८ दिसलं आणि खोक्यावर ८ जीबी छापलेलं असेल, तर कार्ड अस्सल आहे. पावतीवर १२ जीबी लिहिलं असेल तर पावती घेऊन दुकान गाठा, आजच.